मध्येच बोलणारी माणसं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "रेल्वेतले थरारक अनुभव हवेत." मी हो म्हणालो आणि मग बरेच दिवस कागदापुढे नुसता बसून राहिलो. माझ्या नोकरीत थरार असा फारसा नव्हता. मी कंट्रोलर होतो. एका बंद खोलीत, कानाला फोन लावून, समोरच्या पडद्यावरच्या रेषा बघत माझी सगळी वर्षं गेली. ज्या गाड्या मी चालवल्या त्यांतली एकही मला ड्यूटीवर असताना डोळ्यांनी दिसली नाही. दुसरी अडचण अशी की मी काहीही लिहिलं की त्याची पहिली वाचक सुधा असायची. सुधा म्हणजे माझी बायको. ती बेलापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. गेल्या थंडीत ती गेली. आता एक परिच्छेद पुरा झाला की मी सवयीनं थांबतो, आणि पुन्हा सुरुवात करायला वेळ लागतो. लेख उशिरा पोचला तो त्यामुळे. संपादकांनी सांभाळून घेतलं, त्यांचे आभार.

कंट्रोलर म्हणजे काय, हे मला लग्न ठरल्यापासून लोकांना समजावून सांगावं लागलं आहे. सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे इंजिन चालवता?"

"नाही."

"मग स्टेशनमास्तर?"

"नाही. स्टेशनमास्तरांना मी सांगतो, कुठली गाडी आधी सोडायची आणि कुठली बाजूला घ्यायची."

"कुठून सांगता?"

"फोनवरून."

सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "टेलिफोनमध्ये आहे मुलगा." सुधा ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

त्या फोनबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. कंट्रोलचा फोन आपल्या घरच्या फोनसारखा दोघांपुरता नसतो. एका विभागातली सगळी स्टेशनं एकाच लाइनवर असतात. एक स्टेशनमास्तर बोलू लागला की बाकी सगळ्यांना ते ऐकू जातं. कुणाकडे गाडी अडली, कुणाच्या फलाटावर भांडण झालं, कुणाची सुटी व्हायची वेळ झाली तरी पुढचा माणूस आला नाही, हे सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून या लाइनवर एक कडक शिस्त असते. कंट्रोलनं तुमच्या स्टेशनचं नाव पुकारलं तरच बोलायचं. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना तोंड उघडायचं नाही. शिस्त काही चुकीची नाही. सगळे एकदम बोलू लागले तर गाड्या आहेत तिथेच उभ्या राहतील. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आणि तो ते निवृत्त होईपर्यंत विसरत नसे.

बिघाड झाला की सगळ्यात अवघड काम दुरुस्तीचं, असं बाहेरच्यांना वाटतं. दुरुस्ती करणारी माणसं तयार असतात, त्यांना त्यांचं काम येतं. त्यांना ते करू देणं जास्त अवघड असतं. एकदा सिग्नलची केबल तुटली तेव्हा तांबे बोर्डावर होता. बोर्ड म्हणजे विभाग चालवण्याची खुर्ची, आणि तांबे म्हणजे आमच्यातला सगळ्यात तिखट जिभेचा कंट्रोलर. एकापाठोपाठ एक वरच्या साहेबांचे फोन येत होते. प्रत्येकाचा प्रश्न एकच, किती वेळ लागेल? तांबे उत्तरं देत बसला, आणि तिकडे दुरुस्तीवाल्याला गाडी पाहिजे होती ती सोडायला कुणी मोकळं नव्हतं. शेवटी एका साहेबाला तो म्हणाला, "तुम्ही फोन ठेवल्यापासून धरा साहेब."

त्याबद्दल त्याला लेखी खुलासा द्यावा लागला. पण आमचे चीफ कंट्रोलर मोरे साहेब, त्यांनी त्यातून घ्यायचं ते घेतलं. मोरे साहेब साताऱ्याकडचे, बोलणं गावाकडचं आणि डोकं थंड. त्यांनी ठरवलं, की बिघाड झाला की एक माणूस शेजारच्या टेबलावर फक्त साहेबलोकांना उत्तरं द्यायला बसवायचा, म्हणजे बोर्डावरचा माणूस गाड्यांकडे बघेल. ते टेबल बहुतेक वेळा माझ्या वाट्याला यायचं. "मास्तरांचा आवाज चढत न्हाई," असं ते म्हणत. मी डब्याबरोबर पुस्तक आणतो हे बघून पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मास्तर केलं होतं.

त्या टेबलावर मला एक गिऱ्हाईकही मिळालं. नेरुळला राहणाऱ्या एका आजोबांना आमचा नंबर कसा कोण जाणे मिळाला होता. बिघाडाची बातमी टीव्हीवर लागली की त्यांचा फोन ठरलेला. "साहेब, गाड्या कधी चालू?" मी सांगेन ती वेळ ते ऐकून घेत आणि "बरं" म्हणून ठेवून देत. एकदा मी त्यांना विचारलं, कुणी यायचंय का? ते म्हणाले, "सूनबाई यायचीय. ती दमून येते. आल्यावर गरम भात लागतो तिला. मला गाडीचं काय, मला कुकर कधी लावायचा ते सांगा." त्यानंतर मी त्यांना गाडीची वेळ सांगणं सोडून दिलं. "अजून लावू नका," किंवा "आता लावा," एवढंच सांगायचो. नोकरीतले बाकीचे खुलासे आणि अहवाल मी विसरलो. त्या कुकरच्या वेळा बहुतेक बरोबर निघाल्या, याचं मात्र मला अजून बरं वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. स्टेशनांची नावं देत नाही, माणसांची बदलली आहेत. त्यांतली काही अजून नोकरीत आहेत, काही माझ्यासारखी घरी बसून दिवाळी अंक वाचतात.

रविवारी दुपारी आम्ही ब्लॉक घेतो. म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवायच्या, वरच्या तारेतली वीज बंद करायची आणि देखभालीची कामं उरकायची. त्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. हात लावायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी माणूस संपतो. गाड्या आणि वीज थांबलेलीच आहे, तर त्या सावलीत दुसऱ्या खात्यांनीही आपापली कामं करून घ्यावीत, अशी पद्धत आहे. तिला शॅडो ब्लॉक म्हणतात. नियमानं त्या दुसऱ्या टोळीनंही स्वतंत्र परवानगी घ्यायची आणि त्यांनी ती परत केल्याशिवाय वीज सोडायची नाही. पण काम लहान असलं की माणसं म्हणतात, मोठा ब्लॉक आहेच की, आपण तेवढ्यात उरकू.

त्या रविवारी खाडीपलीकडच्या भागात मुख्य टोळीचं काम लवकर संपलं. ब्लॉक वेळेआधी सोडणं ही आमच्याकडे शाबासकीची गोष्ट. तिथून दोन स्टेशनं पुढे, पादचारी पुलाला खालून जाळी बसवणारी एक छोटी टोळी होती. त्यांचा मुकादम सकाळी स्टेशनमास्तरला तोंडी सांगून गेला होता आणि ब्लॉकची वेळ घड्याळात बघून काम करत होता. ब्लॉक लवकर संपेल हे त्याच्या मनातही आलं नाही, कारण ब्लॉक नेहमी उशिराच संपतो.

मुख्य टोळीच्या इंजिनियरनं लाइनवर येऊन सांगितलं, "माणसं, सामान, सगळं बाजूला. वीज सोडा." सगळ्या स्टेशनांनी ते ऐकलं. वीज सुटली. पुलाखाली एक ओली दोरी लोंबत होती ती तारेच्या जवळ आली, मोठा आवाज झाला, जाळ निघाला आणि वीज आपोआप पुन्हा गेली. त्या दोरीला बांधलेल्या फळीवर थोड्या वेळापूर्वीपर्यंत एक माणूस बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटलो. पंचविशीचा, जावळीकडचा गडी. म्हणाला, "च्या आला म्हणून उतरलो साहेब. मला गार च्या चालत न्हाई." आणि हसला. हसताना त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

चौकशी झाली. मीही त्या समितीत होतो. प्रकरण सोपं होतं. मुकादमानं परवानगी घेतली नव्हती, तेव्हा दोषी मुकादम. सगळ्यांचं तेच मत पडलं. घरी जेवताना मी सुधाला हे सांगितलं. ती माझ्या नोकरीतलं सगळं ऐकायची आणि मध्येच एखादा प्रश्न विचारायची.

"अहो, तुमच्या त्या फोनवर सगळ्यांना सगळं ऐकू येतं ना?"

"येतं."

"मग जिथे तो पूल आहे, तिथल्या स्टेशनमास्तरांनीही ऐकलं असेल, वीज सोडतायत म्हणून."

"ऐकलं असेल."

"आणि पुलाखाली माणसं आहेत हे त्यांना माहीत होतं. मुकादम सांगून गेला होता."

"हो."

"मग ते बोलले का नाहीत?"

मी म्हणालो, "त्यांचं स्टेशन पुकारलं नव्हतं."

सुधा वाढता वाढता थांबली. "माझ्या लायब्ररीतही शांतता राखा अशी पाटी आहे," ती म्हणाली. "म्हणून आग लागली तर पोरं गप्प बसून वाचत राहणार नाहीत. तुमच्याकडे मोठी माणसं कशी बसली?"

समितीत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मलाही नाही.

मी त्या स्टेशनवर गेलो. तिथे मनीषा नावाची नवी स्टेशनमास्तर होती. मोरा बंदराजवळच्या कोळीवाड्यातली मुलगी. वडील आयुष्यभर जेट्टीवर लाँचच्या दोऱ्या बांधत आणि सोडत आले. घरातली पहिली सरकारी नोकरी हिची, आणि ती अजून कायम व्हायची होती. समितीचा माणूस आलेला बघून ती उभी राहिली ती बसेचना.

"चौकशीसाठी नाही आलो," मी म्हणालो. "मला फक्त समजून घ्यायचंय. रविवारी वीज सोडताना तुम्ही फोनवर होता?"

"होते ना सर. ऐकलं मी. आमी सगळ्यांनीच ऐकलं."

"मग?"

"मला वाटलं, कंट्रोलला माहीत असेल. तुमी वर बसता, तुमाला सगळं दिसतं."

"आम्हाला काही दिसत नाही."

"काहीच नाय?"

"पडद्यावर गाड्या दिसतात. माणसं दिसत नाहीत."

ती खाली बसली आणि म्हणाली, "मागे एकदा मी मधेच बोलले होते सर. तांबे सर होते. म्हणाले, मॅडम, तुमचं स्टेशन पुकारलं का? नाही ना? मग बसून भजी तळा. सगळी लाइन हसली. त्यानंतर मी नाव घेतल्याशिवाय बोलत नाय."

मी शेजारच्या स्टेशनांवरही विचारलं. दोघांना पुलाच्या कामाचं माहीत होतं. दोघांनीही ऐकलं होतं, आणि दोघांनाही वाटलं होतं की कंट्रोलला माहीत असेलच. प्रत्येकजण ऐकत होता म्हणून प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं सांगितलं असणार. सगळ्यांना सगळं ऐकू येतं, याचा मला इतकी वर्षं अभिमान होता.

मोरे साहेबांच्या खोलीत जाऊन मी हे सांगितलं आणि म्हणालो, लाइनवर एक शब्द सगळ्यांना मोकळा करू या. तो शब्द म्हणजे थांबा. कुणीही, कधीही म्हणावं. म्हटलं की कंट्रोलरनं चाललेलं काम थांबवायचं आणि कारण विचारायचं. कारण चुकीचं निघालं तरी जाब विचारायचा नाही.

मोरे साहेब चहा बशीत ओतून गार करत होते. "मास्तर, उद्या कोन बी उठंल आन थांबा म्हनंल."

"म्हणू दे."

"गाड्या लेट हुतील."

"होतील."

त्यांनी चहा पिऊन बशी खाली ठेवली. "त्या फळीवरचा गडी कुठला म्हणालात?"

"जावळीकडचा."

"म्हंजे आमच्याच मुलखातला." त्यांनी बशी बाजूला सारली. "करा. वर मी बघतो."

वर बघणं म्हणजे काय असतं, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. मुकादमाची पगारवाढ थांबली, पण नोकरी राहिली. समितीच्या अहवालात त्याच्याबरोबर लाइनवरच्या शांततेबद्दलही चार ओळी आल्या. आम्ही स्टेशनांवर हिंडून सगळ्यांना नवा शब्द समजावला. माना डोलल्या. आणि मग महिनेच्या महिने गेले तरी कुणी थांबा म्हटलं नाही. तांबे मला बघितलं की म्हणायचा, "मास्तर, तुमची घंटा टांगलीत खरी, वाजवायला कुणी येईना." तो चेष्टा करत होता, पण खरं होतं. नियम बदलला होता. नियम खरा आहे का, हे बघायला पहिला माणूस पुढे येत नव्हता. प्रत्येकजण दुसरा कुणीतरी आधी बोलायची वाट बघत होता.

ती वाट एका कामाच्या दिवशी सकाळी संपली. वाऱ्यानं उडून एक भलीमोठी ताडपत्री वरच्या तारेवर जाऊन बसली होती. द्रोणागिरीकडे गोदामं झाल्यापासून असल्या ताडपत्र्या आमच्या फार परिचयाच्या झाल्या आहेत. वीज बंद केली, टोळी गेली, ताडपत्री काढली. बेलापूरला कचेऱ्यांत पोचायची ती वेळ. गाड्या उभ्या, माणसं तापलेली. बोर्डावर तांबे, आणि उत्तरांच्या टेबलावर मी. टोळीचा इंजिनियर म्हणाला, "सगळं मोकळं. सोडा वीज." वीज सोडणारा माणूस आमच्या शेजारीच बसतो. त्याने हात पुढे नेला.

आणि लाइनवर मनीषाचा आवाज आला. "थांबा."

तांबेनं वीजवाल्याकडे न बघता एक हात आडवा धरला.

"कोण बोललं?" त्याने विचारलं. मग स्वतःच सावरून म्हणाला, "बरं. थांबवलंय. काय दिसतंय सांगा."

"माझ्या फलाटाच्या टोकावरून पुढं, खांबाला लागून कुणीतरी उभं हाय. नारिंगी जॅकेट हाय अंगात. हाक मारली, हलत नाय."

"टोळीतला माणूस?"

इंजिनियर म्हणाला, "आमचे सगळे मोजले. आमचा नाही."

"पोर्टर पाठवा," तांबे म्हणाला.

पोर्टर निघाला, पण खांबापर्यंत जायला खाडीच्या नाल्याला वळसा घालावा लागत होता. तो वळसा आम्ही सगळ्यांनी फोनवर ऐकला, म्हणजे काहीच ऐकलं नाही. माझ्या टेबलावरचे फोन वाजत होते. मी प्रत्येकाला "पाहणी चालू आहे" एवढंच सांगत होतो. अखेर मनीषा लाइनवर आली. तिचा आवाज पार खाली गेला होता.

"माणूस नाय सर. बांबू हाय. बांबूला जुनं जॅकेट लावलंय."

ती जागा एका कोळणीची होती. ती तिथे चटईवर जवळा, म्हणजे बारीक मासळी, वाळत घालायची. पोर्टरनं तिला विचारलं तेव्हा तिनं त्यालाच झापलं, "कावले येतान आन जवला खातान, म्हनून लावलाय! तुमचा काय खाल्ला त्यानं?"

वीज सुटली. गाड्या निघाल्या. पण वेळापत्रक दुपारपर्यंत जाग्यावर आलं नाही. थोड्या वेळानं मनीषानं मला बाहेरच्या फोनवर गाठलं. लाइनवर नाही. "सर, मी अजून कायम नाय झालेले. मला काडतील का?" मी नाही म्हणालो. ते म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता, आणि तिलाही ते कळत होतं. तिच्या नोकरीवर घर चालत होतं. आणि तिला खुलासा मागणारं एक पत्र गेलं असतं, तर तो शब्द खरा नव्हे हे सगळ्या लाइननं त्याच दिवशी ओळखलं असतं.

दुपारी वरच्या साहेबांनी बोलावलं. मोरे साहेब, तांबे आणि मी. साहेब मुळात वाईट माणूस नव्हते, पण सकाळभर त्यांनीही कुणाकुणाचं ऐकून घेतलेलं होतं.

"लाइनवर काय लोकशाही चालवलीय?" ते म्हणाले. "एका फाटक्या जॅकेटपायी अख्खी सकाळ गेली. त्या मुलीचा खुलासा मागवा."

"मागवा साहेब," मोरे साहेब शांतपणे म्हणाले. "पन मग माजाबी मागवा. परवानगी मी दिली व्हती."

"ही कल्पना कुणाची?"

मोरे साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मीटिंगमध्ये मी कधी बोलत नसे. माझं मत मागितलं तरी "लेखी देतो" म्हणायचो. साहेबांनाही ते माहीत होतं. "तुमची?" त्यांनी आश्चर्यानं विचारलं.

"माझ्या बायकोची," असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "हो."

"मग सांगा. तिनं आधी खात्री करायला नको होती?"

"खात्री करायला पोर्टर गेला होता साहेब. त्याला नाल्याला वळसा पडला. तेवढ्यात आपण वीज सोडली असती, आणि तो खरंच माणूस असता, तर खात्री झालीच असती."

मी सुरुवात केलीच होती, म्हणून पुढे बोललो. "तिला जेवढं दिसलं तेवढं तिनं सांगितलं. आम्हाला इथून तेवढंही दिसत नव्हतं. आज तिला पत्र गेलं तर पुढच्या वेळी सगळे खात्री होईपर्यंत गप्प बसतील. त्या रविवारी बसले होते तसे."

"आणि उद्या कुणी उगीचच थांबवत सुटलं तर?"

याचं उत्तर तांबेनं दिलं. ज्यानं तिला भजी तळायला सांगितलं होतं तोच तांबे. "उगीच थांबवलं तर मी बघतो ना साहेब. बोर्डावर मीच असतो, शिव्या मलाच पडतात. पण आज उगीच नव्हतं. मी खुर्चीवर होतो. मला त्या आवाजात कळलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्या स्टेशनला एक दुर्बीण द्या. पत्र राहू दे."

दुर्बीण खरोखर आली. त्या साहेबांचे मी मनापासून आभार मानतो. चूक निघालेल्या माणसाला माफ करणं एक वेळ सोपं असतं. सकाळ वाया घालवूनही जो चुकला नाही असं म्हणावं लागतं, त्याला सोडून देणं खुर्चीवरच्या माणसाला जड जातं.

पुढे माणसं बोलू लागली. आधी जरा जास्तच. एकदा रुळाशेजारी बांधलेल्या बकरीसाठी थांबा आला. एकदा तर एका स्टेशनमास्तरला दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही, म्हणून आला. तांबे वैतागायचा, पण प्रत्येक वेळी हात आडवा धरायचा. आणि मधूनमधून एखादा थांबा असा यायचा की तारेजवळ खरंच माणूस निघायचा. मनीषा कायम झाली. ज्या टोळ्या संध्याकाळी घरी गेल्या त्यांच्यातल्या कुणालाही आपण कशामुळे सुखरूप पोचलो हे माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. न घडलेल्या गोष्टीचा अहवाल लिहीत नाहीत. खात्यात ती पद्धत मोरे साहेबांची आणि माझी म्हणून ओळखली गेली. तिच्यात सुधाचं नाव कुठे आलं नाही याची थोडी खंत आहे. मी एकदा तिला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "मला काय करायचंय नाव? तुम्ही मीटिंगमध्ये बोललात, ते मला पाहिजे होतं." म्हणून इथे लिहून ठेवतो. तो प्रश्न तिचा होता.

पण मला त्या दिवसाबद्दल अजून एक सांगायचं आहे. साहेबांच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो तेव्हा दुपार टळली होती. मोरे साहेब म्हणाले, "पोरीला कळवा मास्तर. जीव टांगनीला लागला आसंल." मी माझ्या टेबलाकडे, बाहेरच्या फोनकडे निघालो होतो. मग मागे फिरलो आणि बोर्डापाशी गेलो. तांबे तेवढ्यात पुन्हा खुर्चीवर येऊन बसला होता.

"जरा लाइन देता?"

त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीही मोकळी केली. मी तिच्या स्टेशनचं नाव पुकारलं.

"बोला सर," मनीषा म्हणाली. तिने पहिल्या हाकेलाच उचललं.

"मनीषा मॅडम, सकाळी तुम्ही थांबवलंत ते योग्य केलंत. त्याबद्दल तुम्हाला कसलंही पत्र येणार नाही. कंट्रोलतर्फे तुमचे आभार."

लाइनवर नेहमी काहीतरी चालू असतं. कुणाचा पंखा, कुणाच्या फलाटावरची घोषणा, कुणाचा खोकला. ते सगळं ऐकू येत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "लाइनवर सगळे ऐकतायत."

"ऐकू देत," मी म्हणालो. "त्यांनाच सांगतोय."